गाऱ्हाणे कोणापुढे?

हालअपेष्टा सांगायला बसलेल्या माणसाला दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात : काय सांगायचे आणि कोणाला. पहिल्या गोष्टीवर आपण पुष्कळ बोलतो, दुसरीकडे सहसा लक्ष जात नाही. मराठीतल्या दुःखकथनाचा प्रवास पाहिला की मला वाटते, ऐकणारा बदलत गेला तशी मन वळवण्याची भाषाही बदलत गेली.

चौदाव्या शतकात संत चोखोबांनी आपले गाऱ्हाणे विठ्ठलापुढे मांडले. ज्याच्या देवळात पाऊल टाकायची मुभा नाही, त्याच्याशीच त्यांची सलगी आणि त्याच्यावरच त्यांचा रुसवा. त्यांचा मुलगा कर्ममेळा आणखी पुढे जाऊन देवालाच जाब विचारतो. तरीही निवाडा करणारा देवच राहिला. गावाने उत्तर द्यायला हवे, असे त्या काळच्या गावाला वाटण्याचे कारण नव्हते.

१८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी चौदा-एक वर्षांची मुलगी. देवाची आठवण तिलाही येते, पण तिचे बोलणे छापले जाणार होते आणि ते वाचणारी माणसे शिकलेली होती. त्यांना ती दोन बाजूंनी गाठते. एकीकडे बिनतोड प्रश्न : वेद पाहण्याचाही अधिकार ज्यांना नाही, त्यांचा धर्म कोणता? दुसरीकडे डोळ्यांपुढे उभे राहील असे दृश्य : मांग-महारांच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर धड छप्परही नसते, थंडी, पाऊस, वारा सगळे अंगावर. मग ती थेट वाचणाऱ्यांना हाक मारते आणि हे दुःख स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहायला सांगते. दया करा, एवढ्यावर ती थांबत नाही. वाचणाऱ्याला ती बाळंतिणीच्या जागी नेऊन बसवते. मराठी गद्यात ही फार मोठी झेप होती.

पुढे या भाषेला धार चढली. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’मध्ये बायकांवर ठेवला जाणारा एकेक आरोप उचलून पुरुषांच्या पदरात टाकला. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहिताना त्याचे भाग गावोगाव वाचून दाखवले. त्यामुळे त्या पुस्तकात सभेतला आवाज आहे. शेतकऱ्याचे दैन्य सांगून जोतीराव थांबत नाहीत. सारा, कर्ज, कचेरी, भटशाही अशी कारणे एकामागून एक उभी करतात. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात समारंभ झाला, तेव्हा ते शेतकऱ्याच्याच वेशात तिथे गेले. दागदागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांत त्यांच्या अंगावरचे कपडे हेच अर्धे भाषण होते.

१९२७ मध्ये महाडला ऐकणारा पुन्हा बदलला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा, मुंबई कायदेमंडळाचे सदस्य बोले यांचा ठराव तिथे १९२३ मध्येच मंजूर झाला होता, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुलेही केले होते. हक्क कागदावर होता, तळ्यापर्यंत पोचला नव्हता. मार्चमध्ये महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत डॉ. आंबेडकर मुख्यतः आपल्याच माणसांशी बोलले : मेलेल्या जनावरांचे मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणे सोडा, शिका, मान ताठ ठेवा. डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी चवदार तळ्याचा प्रश्न १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशेजारी नेऊन ठेवला. प्रश्न तहानेचा नसून समतेचा आहे, हे त्या तुलनेने सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या कीव ऐकत आलेल्या माणसांना कोणीतरी प्रथमच जगाच्या इतिहासातले कर्ते म्हणून हाक मारत होते. दुःखाच्या भाषेने गाठलेली सगळ्यात उंच जागा मला हीच वाटते.

अण्णा भाऊ साठे १९५८ मध्ये मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात बोलले, तेव्हा पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत मात्र असा दावा कुठेच नाही. खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा मुंबईत मढ्यांच्या राखेतून सोने वेचतो. एका रात्री सोने काढताना प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि तो ती कायमची गमावतो. लगेच कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. डोंगर फोडणारे हात निकामी झाले आणि काम मिळाले ते त्यानंतर! लेखक कोणालाही दोष देत नाही, काही मागत नाही. हिशेब वाचणाऱ्यालाच मांडावा लागतो, आणि स्वतः मांडलेला हिशेब नाकारणे कठीण असते.

आज कष्टकऱ्यांचे नाव प्रत्येक व्यासपीठावर घेतले जाते. म्हणून ऐकणाऱ्याने कान तयार ठेवायला हवेत. दुःखाचा नेमका तपशील दिला आहे की नुसते विशेषणांचे ढीग आहेत? कारण सांगितले आहे की नशिबावर ढकलले आहे? ज्यांचे दुःख आहे, त्यांना बोलणारा माणूस म्हणून हाक मारतो की पुरावा म्हणून उभे करतो? आणि ऐकून घरी जाताना माझ्यावर काही जबाबदारी येते का? डोळ्यांत पाणी आणणारे भाषण या प्रश्नांत नापास होऊ शकते, कोरडे वाटणारे उत्तीर्णही होऊ शकते. शाळेत कथा आणि भाषणे शिकवताना अलंकार ओळखायला लावतो, तसे हे प्रश्नही मुलांच्या हाती द्यायला हवेत. दुसऱ्याचे दुःख नीट ऐकता येणे हे नागरिकाचे पहिले शिक्षण आहे.