तपकिरी आठवडा

भाद्रपदात महालक्ष्म्या तोंडावर आल्या की अकोल्यात जठारपेठेतल्या मेडिकलवर एक मागणी हमखास वाढते. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबलेली बाई काउंटरशी येऊन हळूच म्हणते, "भाऊ, ते पाळी पुढं ढकलायची गोळी द्या ना." आवाहन, पूजन, विसर्जन हे अनुराधा, ज्येष्ठा, मूळ या नक्षत्रांवर ठरतं, सोळा भाज्या, आंबिल आणि पुरणाचा स्वयंपाक कोणासाठी थांबत नाही. पाळीचा विटाळ मानावा का, हा वाद घरोघरी वेगळा. मला विचाराल तर महालक्ष्मीला त्याचं काही वाटत नसावं. पण या बायांमध्ये एखादी अशीही असते, जी रोज माला-डी ही गर्भनिरोधक गोळी घेते आणि तरी ही दुसरी गोळी मागायला आलेली असते. तिचं काम घरातल्या पाकिटावरच भागलं असतं. हे तिला कोणी सांगितलेलं नसतं, कारण त्या पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या कशासाठी आहेत हेच फारसं कोणी सांगत नाही.

पाकिटात गोळ्या 28. त्यातल्या 21 पांढऱ्या. प्रत्येकीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल 0.03 मिलिग्रॅम. उरलेल्या 7 तपकिरी, त्यांत फक्त लोह. सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे फुकट मिळणारी माला-एन हीच. दिवस राहू न देण्याचं काम पांढऱ्या गोळ्यांचं. तपकिरी गोळ्या रोज गोळी घ्यायची सवय मोडू देत नाहीत आणि जाता जाता थोडं लोह देतात. पांढऱ्या संपल्या की संप्रेरकाचा आधार सुटतो आणि दोन-तीन दिवसांत अंगावर जातं. ती नेहमीच्या अर्थाने पाळी नव्हेच. बीज सुटलेलंच नसतं. गोळी थांबवल्यामुळे होणारा तो रक्तस्राव आहे.

मग पांढऱ्या गोळ्यांना ही सात दिवसांची सुट्टी ठेवली कोणी? अमेरिकेत गोळीवर संशोधन करणाऱ्या जॉन रॉक आणि ग्रेगरी पिंकस यांनी सुरुवातीला संप्रेरकं सलग दिली, तेव्हा पाळी थांबलेल्या बायांना आपल्याला दिवस गेले असंच वाटू लागलं. म्हणून वीस दिवस गोळी आणि मग खंड, असा क्रम आला. दर महिन्याला अंगावर गेलं की बाईच्या जिवाला निर्धास्त वाटतं, हे त्यामागचं मोठं कारण. रॉक स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते. ही पद्धत निसर्गाला धरून आहे, तेव्हा चर्च ती मान्य करेल अशी त्यांना आशा होती. 1960 साली अमेरिकेत गोळीला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली, 1968 साली पोपनी मात्र नकारच दिला. सुट्टी तेवढी पाकिटात राहून गेली. 2019 साली ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेने स्पष्टच सांगितलं, की या सात दिवसांच्या खंडाने तब्येतीला काही फायदा होत नाही.

म्हणजे तपकिरी आठवडा गाळला तरी चालतो. महालक्ष्म्या त्याच आठवड्यात येत असतील, तर तपकिरी गोळ्या बाजूला ठेवून नव्या पाकिटातली पांढरी सुरू करायची. अंगावर जाणं पुढच्या पाकिटाच्या शेवटी जातं. मधे थोडे डाग पडू शकतात, एवढंच. मेडिकलवर मागितली जाते ती गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नये, आणि पाळी लांबवायला घेतलेल्या त्या गोळीवर गर्भनिरोधक म्हणून विसंबूही नये.

हा आठवडा आखडता येतो, गाळता येतो. लांबवता मात्र येत नाही, आणि पाकिटाचं सगळं वेळापत्रक इथेच फसतं. पऱ्हाटीत दोन डवरण्यांच्या मधे तण डोकं वर काढतंच. डवरा वेळेवर फिरला तर ते तिथेच मोडतं, आठ दिवस उशीर झाला तर निंदायला बाया लावाव्या लागतात. पांढऱ्या गोळ्या थांबल्या की अंडाशयातल्या बीजपुटिका तशाच वाढू लागतात. सात दिवसांत त्या बीज सुटण्यापर्यंत सहसा पोचत नाहीत. आठव्या दिवसाची पांढरी गोळी त्यांना आवरते. आठव्याचा अकरावा दिवस झाला, की भरवसा उरत नाही.

बायकांना भीती वाटते ती पाकिटाच्या मधली एखादी गोळी चुकल्याची. ती चुकली तर आठवताच घ्यावी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही. खरा धोका सुट्टीला चिकटलेल्या गोळ्यांचा, म्हणजे पाकिटाच्या पहिल्या आणि शेवटच्या पांढऱ्यांचा. नवं पाकीट माहेरी न्यायचं राहिलं, मेडिकल बंद होतं, आशाताई पुढच्या आठवड्यात येणार होत्या. गोळी 'चुकली' असं यात कोणालाच वाटत नाही. दोन-तीन पांढऱ्या राहून गेल्या, तर पुढच्या सलग सात पांढऱ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरावा. त्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील, तर तपकिरी सोडून थेट नवं पाकीट काढावं. तपकिरी चुकल्या तर खुशाल फेकून द्याव्यात.

आता पहिला दिवस लक्षात कसा ठेवायचा? तारीख सरकते, महिना कधी तीसचा कधी एकतीसचा. तिथीचं तर बोलायलाच नको, चतुर्थी दर वेळी कॅलेंडरात शोधावी लागते. पण 28 म्हणजे बरोबर चार आठवडे. पहिली पांढरी गोळी मंगळवारी घेतली, तर पुढच्या प्रत्येक पाकिटाची पहिली पांढरी मंगळवारीच येते. वाराचा उपास धरणाऱ्या घरात हा हिशेब शिकवावा लागत नाही. काही पाकिटांत 21च गोळ्या असतात, तपकिरी नसतातच. सुट्टीचे दिवस आपले आपण मोजायचे. तिथे तर वार हाच आधार.

ज्यांना रक्तदाब आहे, अर्धशिशी आहे किंवा अंगावर पिणारं सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पाकिटं उघडू नयेत. त्यातल्या काही जणींना सरकारी दवाखान्यात छाया सुचवली जाते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी बाजारात सहेली म्हणून मिळते. तिच्यात ही संप्रेरकं नाहीत, तपकिरी आठवडाही नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो रविवार असेल तर तीन महिने रविवार आणि बुधवार, पुढे फक्त रविवार. इथेही वारच. मात्र सात दिवसांहून जास्त खंड पडला, तर आठवड्यातून दोनदाचे ते तीन महिने पुन्हा पहिल्यापासून.