मूळ हलवू नका

बालाघाटच्या डोंगरउतारावरची सीताफळाची झाडं पाहिलीत ना? मुरमाड जमीन, बेभरवशाचा पाऊस. एखाद्या साली फळ कमी लागतं. म्हणून कुणी झाड उपटत नाही. मूळ हलवू नका, हे बीडच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

मग शेअर बाजार घसरला की आपलाच हात का थरथरतो? मार्च 2020 आठवा. कोरोनाच्या धास्तीनं बाजार कोसळला. घाबरून विकणाऱ्यांचा तोटा पक्का झाला. पुढं वर्षही पुरतं सरलं नव्हतं, तोच सेन्सेक्स त्या तळापासून दुप्पट झाला. भाव रोज बदलतो. चांगल्या कंपनीचं काम रोज बदलत नाही. मूळ हलवू नका.

पण मंडळी, आधी जमीन पारखा. कंपनी काय करते, तिच्यावर कर्ज किती, हे पाहा. झटपट दामदुपटीचं आमिष दाखवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. शिलकीतले पैसे दरमहा थोडे थोडे गुंतवा, आणि मग मूळ हलवू नका. बी-बियाण्याचे, मुलांच्या फीचे पैसे मात्र बाजारात घालू नका. गरज पडली की तेच आधी काढावे लागतात, आणि तेही नेमके भाव पडलेले असताना.