चूक कोणाच्या नावावर?

हातून चूक झाली तर माणसाने काय करावे? कबूल करावी, असे उत्तर आपण लगेच देतो. मुलांनाही आपण तेच शिकवतो. पण चूक अशी असेल की ती कोणाच्या लक्षातच येणार नाही, तर? आणि ती न सांगितल्याने कोणाचे काही बिघडत नाही असे वाटत असेल, तर? हा प्रश्न गेल्या वर्षी आम्हा नवरा-बायकोपुढे उभा राहिला, तोही पावणेदोन फुटांच्या एका वाद्यामुळे.

निवृत्तीनंतर हाताला काही उद्योग असावा म्हणून आमच्या मुलीने परदेशातून येताना युकुलेलेचा संच आणला. खोक्यात लाकडी पेटी, दांडी, पडदे बसवलेली पट्टी, चार खुंट्या, घोडी आणि नायलॉनच्या चार तारा असे सुटे भाग होते. आपण ते जोडायचे, घासायचे आणि पॉलिश करायचे. आमच्यापैकी कोणीही भिंतीत खिळा ठोकण्यापलीकडे सुतारकाम केलेले नव्हते.

युकुलेले हे हवाई बेटांचे वाद्य म्हणून ओळखले जाते. पण त्याचे मूळ मदेरा या पोर्तुगीज बेटावरच्या ‘मशेत’ नावाच्या छोट्या वाद्यात आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेवन्सक्रॅग’ नावाचे जहाज मदेराच्या लोकांना घेऊन होनोलुलू बंदरात पोहोचले. उसाच्या मळ्यांत मजुरी करायला आलेल्या या लोकांत मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियाश आणि जोझे दो इस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. पुढे त्यांनी होनोलुलूत दुकाने थाटली आणि तिथल्या कोआ लाकडापासून ही वाद्ये घडवली. आपल्याकडच्या नुनीस आणि डायस कुटुंबांची आठवण करून देणारी ही नावे वाचल्यावर ते परके वाद्य आम्हाला घरचे वाटू लागले.

शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाला आम्ही शब्द दिला होता, “तयार झाले की हे तुझे.” तो आपल्या चर्चच्या बालगायनवृंदात गातो. रोज शाळेतून येताना तो दारात डोकावून विचारायचा, “आजोबा, नाताळपर्यंत होईल ना?”

पहिली चूक दांडी चिकटवताना झाली. सांध्यातून बाहेर आलेला गोंद आम्ही ओल्या फडक्याने नीट पुसला नाही. लाकूड कोरडे असताना काहीच दिसत नव्हते. आम्ही पॉलिशपेपरने, आधी जाड आणि मग बारीक, चार दिवस घासत बसलो. लाखेचे पॉलिश ओल्या हवेत पांढरट पडते असे एका जुन्या सुताराने सांगितले, म्हणून पाऊस संपेपर्यंत थांबलो. ऑक्टोबरात पहिला हात दिला आणि दांडीपाशी एक फिकट डाग उमटला. जिथे गोंद वाळला होता तिथे लाकडाने पॉलिश प्यायलेच नव्हते. आमची समजूत होती की पॉलिशखाली दोष झाकले जातात. प्रत्यक्षात ते पॉलिशनंतरच दिसू लागले.

तो डाग आम्ही राहू दिला. त्याने सुरात काही फरक पडत नव्हता.

दुसरी चूक घोडीची. पेटीवर जी पट्टी तारांना आधार देते तिची जागा फार काटेकोर असते. दांडीच्या वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढे अंतर, जवळजवळ तेवढेच अंतर बाराव्या पडद्यापासून घोडीतल्या त्या पट्टीपर्यंत लागते. आमच्या वाद्यात ते १७३ मिलिमीटर होते. दाबल्यावर तार ताणली जाते, म्हणून त्यात साधारण दोन मिलिमीटर वाढवायचे. आम्ही खूण बरोबर केली. गोंद उघड्या लाकडालाच धरतो म्हणून घोडीखालची जागा पॉलिशविना कोरी ठेवली. पण त्या खुणेवर पट्टी यायला हवी होती, तिथे आम्ही घोडीची पुढची कड टेकवली. सगळी घोडी सहा मिलिमीटर मागे चिकटली.

तारा चढवल्या, खुंट्या पिळल्या, चारही तारा सुरात लागल्या. आम्हाला आनंद झाला. मग तार पडद्यावर दाबली आणि सूर उतरला. जितके खाली दाबावे तितका जास्त उतरला. मोकळी तार छेडली की वाद्य निर्दोष वाटायचे, बोट ठेवले की बेसूर. कारण शोधायला आम्हाला एक संध्याकाळ लागली. कारण कळल्यावर दोघेही गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला आणि आम्ही काही बोलायच्या आत वाद्य घेऊन बसला. ओळखीची एक चाल वाजवायचा प्रयत्न त्याने तीन-चारदा केला. प्रत्येक वेळी तो थांबायचा, मान हलवायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा. शेवटी म्हणाला, “मला जमत नाही. माझे कान खराब आहेत का?”

त्याच क्षणी आम्ही सांगायला हवे होते. आम्ही म्हणालो, “सरावाने येईल हो.”

वाक्य खोटे नव्हते. सरावाने पुष्कळ गोष्टी येतात. पण हे वाद्य सरावाने सुरात येणार नव्हते आणि ते आम्हाला ठाऊक होते. त्या रात्री आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे, “खेळणेच आहे, लहान मुलाला काय कळते? उपटायला गेलो तर पेटीच फुटेल.” दुसऱ्याचे म्हणणे, “त्याला कळते, तेच तर अवघड आहे. त्याचे कान बरोबर ऐकतात आणि आपण त्यांना खोटे ठरवले.”

या दुसऱ्या म्हणण्यापाशी आम्ही अडलो. तोवर आम्ही समजत होतो की चूक लपवली तर ती लपून राहते. पण ती लपून राहिली नव्हती. ती फक्त आमच्या नावावरून त्या मुलाच्या नावावर गेली होती.

असे किती वेळा घडते! शिकवणे नीट जमले नाही की मूल ‘ढ’ ठरते. घरात मोठ्यांचे पटत नाही आणि लहान मूल मनात म्हणते, माझ्यामुळेच हे होते. आपण सांगत नाही, म्हणून ते आपले म्हणून उचलते. मोठेपणी तो समज काढून टाकणे किती कठीण जाते, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे.

म्हणून प्रत्येक चूक उखडत बसावे का? नाही. तसे केले तर कोणतेच काम पुरे होणार नाही. गोंदाचा डाग आहे तिथेच आहे. कोणी विचारले तर सांगतो. पण ज्या चुकीचा भार दुसऱ्यावर पडतो ती ‘किरकोळ’ आहे की नाही, हे चूक करणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. आम्ही ते ठरवायला निघालो होतो.

तिसऱ्या दिवशी मुलाला बोलावले आणि घोडी दाखवून सगळे सांगितले. लहानांपुढे चूक मान्य केली तर मान राहत नाही, अशी भीती होती. त्याने एवढेच विचारले, “म्हणजे माझे कान बरोबर होते?” आणि मग, “ती काढायची कशी?”

ओल्या फडक्यावरून इस्त्रीची ऊब देत, पातळ सुरी सरकवत, अर्ध्या तासाने घोडी सुटली. लाकडाचे थोडे तंतू तिच्याबरोबर निघाले. नव्या जागेवरचे पॉलिश खरवडले आणि या वेळी माप मुलाने घेतले. मागे उघडी पडलेली पट्टी लाखेने भरली. लाखेचा नवा हात जुन्या थरात विरघळून मिसळतो, तरी तिथे एक खडबडीत रेघ राहिलीच. नाताळला त्याने त्याच वाद्यावर गाणे वाजवले. रेघ दिसत होती, सूर बरोबर लागत होते.

आपल्या घरात, वर्गात किंवा कामाच्या जागी कोणी गेली कित्येक वर्षे स्वतःचे कान खराब समजून बसले आहे का? आणि घोडी कोणी चुकीची बसवली, हे आपल्याला ठाऊक आहे का? या आठवड्यात एवढा विचार आपण जरूर करू या.