एका पाण्यात उतरल्याने माणसे समान होतात काय?

जपान हा बौद्धांचा देश म्हणून आपल्या वस्त्यांतून त्या देशाविषयी मोठी आपुलकी आहे. तेथील एका प्रथेच्या निमित्ताने आज एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ही प्रथा म्हणजे गरम पाण्याच्या नैसर्गिक झऱ्यांवरील सामुदायिक स्नान.

अशा झऱ्याला व त्यावरील स्नानगृहाला जपानी लोक ‘ओन्सेन’ म्हणतात. जपान ज्वालामुखींचा देश असल्यामुळे असे झरे तेथे हजारोंनी आहेत. १९४८ च्या कायद्याप्रमाणे उगमापाशी पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असावे लागते, किंवा त्यात ठराविक खनिजांपैकी एखादे पुरेशा प्रमाणात असावे लागते. मात्सुयामा शहरातील दोगो येथील स्नानगृहाची मुख्य लाकडी इमारत १८९४ सालची असून ती आजही उभी आहे.

तेथील रीत अशी. कपडे काढून टोपलीत ठेवावयाचे. स्त्रियांचा व पुरुषांचा विभाग बहुतेक ठिकाणी वेगळा असतो. बुटक्या स्टुलावर बसून साबणाने सर्वांग घासावयाचे, फेस पूर्ण धुवावयाचा आणि मगच हौदात उतरावयाचे. हौद सर्वांचा, म्हणून आपला मळ त्यात कोणी नेत नाही. हातातला लहान टॉवेलदेखील पाण्यात बुडवीत नाहीत. मालक असो की मजूर, अंगावर हुद्द्याची खूण राहत नाही. हे ऐकले की वाटते, समता म्हणतात ती हीच!

परंतु बंधुभगिनींनो, पाण्यात कोण कसा बसला आहे एवढेच पाहून भागत नाही. दारातून कोणाला परत पाठविले, हेही विचारले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या इतिहासाच्या वारसांना हा प्रश्न कोणी शिकवावयास नको.

जपानमध्येही जन्मावरून हीन ठरविलेला समाज होता. कातडे कमावणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे त्याच्या वाट्याला होती. १८७१ साली सरकारी फर्मानाने तो भेद कागदावरून गेला, मनातून गेला नाही. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी या समाजाने क्योतो येथे आपली संघटना स्थापिली. तिचे नाव ‘सुइहेइशा’. या नावातील एका अक्षराचा अर्थ पाणी, दुसऱ्याचा सपाट. पाणी आपली पातळी आपणच समान राखते, हे आम्ही शाळेत मुलांना शिकवितो. माणसांना मात्र त्यासाठी संघटना करावी लागते.

कुसात्सु येथील झऱ्याचे पाणी अतिशय आम्ल आणि कढत. लाकडी फळ्यांनी ढवळून ते निववितात. त्वचारोगावर गुणकारी म्हणून तेथे कुष्ठरोगी येत व राहत. पुढे सरकारी धोरणाने देशभर अशा रुग्णांना सक्तीने वेगळे कोंडले. तो कायदा १९९६ साली रद्द झाला. तरीही २००३ साली कुमामोतो प्रांतातील झऱ्यावरच्या एका हॉटेलने, पूर्वी हा रोग होऊन बरे झालेल्या वृद्धांना उतरावयास जागा नाकारली. त्याआधी उत्तरेकडील ओतारु शहरात एका स्नानगृहाने ‘फक्त जपानी’ अशी पाटी लावली होती. काही परदेशी खलाशी नीट वागत नाहीत, हे कारण. जपानचे रीतसर नागरिकत्व घेतलेल्या एका गोऱ्या माणसालाही चेहरा पाहून परत पाठविले. २००२ साली साप्पोरोच्या न्यायालयाने हा वंशभेद आहे असा निकाल देऊन तिघा फिर्यादींना प्रत्येकी दहा लाख येन भरपाई देवविली.

येथे आपल्याला एक कसोटी सापडते. ‘अंग धुऊन आत या’ हाही नियमच आणि ‘तुम्ही आत येऊ नका’ हाही नियमच. पहिला नियम माणसाचे आचरण पाहतो, तो सर्वांना सारखा आहे आणि पाळणे ज्याच्या त्याच्या हाती आहे. दुसरा नियम जन्म, चेहरा किंवा जुना आजार पाहतो. तो पाळून आत जाण्याची वाटच नाही. खलाशी गैरवागला तर त्या खलाशाला बाहेर काढावे. त्याच्यासारखा दिसणाऱ्याचा काय अपराध?

धम्माची दृष्टी हीच आहे. राजगृहाला तपोदा नावाचे गरम झरे आहेत. विनयपिटकात कथा आहे की बिंबिसार राजा स्नानाला आला तेव्हा भिक्खू स्नान करीत होते. राजा थांबून राहिला. त्यांना इतका उशीर झाला की नगराचे दरवाजे बंद झाले. भगवंतांनी भिक्खूंना मर्यादा शिकविली आणि स्नानाचा नियम घातला. तो नियम आचरणाचा होता. उपाली न्हावी आणि झाडलोट करणारा सुनीत ज्या संघात होते, त्या संघासाठी राजा थांबला, हे ध्यानात घ्यावे. जपानची आठव्या शतकातील सम्राज्ञी कोम्यो हिच्याविषयीही आख्यायिका आहे की तिने हजार लोकांना स्वतः स्नान घालण्याचा संकल्प केला. हजारावा आला तो कुष्ठरोगी. त्यालाही तिने आपल्या हाताने धुतले, आणि तो बुद्धरूपाने प्रकटला. चमत्कार आपण बाजूला ठेवू, तिचा हात मागे सरला नाही एवढे घेऊ.

तेव्हा उत्तर असे की, पाणी अंगाचा मळ काढते. मनातला भेद काढण्याची शक्ती कोणत्याही झऱ्यात नाही, गंगेत नाही आणि ओन्सेनमध्येही नाही. देश बौद्ध आहे म्हणून दार आपोआप उघडत नाही, तसे आपण बौद्ध झालो म्हणून आपलेही उघडणार नाही. पर्वणीचे स्नान आपण सोडले, चांगलेच झाले. पण आपल्या घरचा माठ आपल्याहून खालचा मानल्या गेलेल्या जातीच्या माणसाला मोकळा आहे काय? लग्नाच्या पंगतीत त्याचे पान आपल्या शेजारी मांडले जाते काय? प्रत्येक कुटुंबाने याचे उत्तर आपल्या घरातच शोधावे, आणि ते ‘नाही’ असेल तर आजच माठावरचे झाकण काढावे.