पट घटतो, खर्च का घटत नाही

मुंबई महानगरपालिका शिक्षणाचा अर्थसंकल्प स्वतंत्र मांडते; ‘अर्थसंकल्प ई’ हे त्याचे नाव. 2025-26 साठी त्यात सुमारे 3,955 कोटी रुपयांची तरतूद होती, त्याच्या आदल्या वर्षी सुमारे 3,498 कोटींची. शाळांचा पट मात्र दीड-दोन दशकांपूर्वीच्या मानाने बराच खाली आला आहे, आणि मराठी माध्यमाची घसरण त्यात विशेष ठळक आहे. तरतुदीला विद्यार्थिसंख्येने भागले की मुलामागचा खर्च वर्षाला लाखाच्या वर जातो. मग ठरलेला प्रश्न येतो: एवढ्या पैशात ही मुले खासगी शाळेत का घालू नयेत? भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे.

शाळेचा खर्च मुलामागे होत नाही, तुकडीमागे होतो. पस्तीस मुलांच्या वर्गातून दहा मुले गेली तरी शिक्षक, वर्गखोली, शिपाई, वीज आणि इमारतीची डागडुजी जिथल्या तिथे राहते. वाचतात ते मोफत मिळणाऱ्या 27 शालेय वस्तूंचे दहा संच आणि दहा मुलांचे माध्यान्ह भोजन. शिवाय महापालिका आठ भाषांतून शिकवते: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. एका इमारतीत मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तीन शाळा भरत असतील आणि तिन्हींचा पट निम्म्यावर आला, तरी उरलेली मुले एका वर्गात बसवता येत नाहीत. त्यात निवृत्तिवेतनाची भर. पट मोठा होता तेव्हा नेमलेल्या शिक्षकांचे निवृत्तिवेतन आजच्या लहान पटाच्या हिशेबात मोजले जाते आणि मुलामागचा आकडा आणखी फुगतो.

पट घटण्याचे खापर सगळे शिक्षणाच्या दर्जावर फोडणे सोपे आहे. शहर स्वतःच हलले, हे त्याआधीचे कारण. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि लालबाग-परळची कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. ज्या चाळींसाठी शाळा बांधल्या होत्या, त्या चाळीच राहिल्या नाहीत. जन्मही कमी झाले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर 1.7 आहे. उलट गोवंडी-मानखुर्दकडे वस्ती दाट आहे, प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाने ती आणखी वाढली, आणि तिथला प्रश्न वर्ग अपुरे पडण्याचा आहे. शहराची सरासरी काढली की रिकामा वर्ग आणि भरगच्च वर्ग दोन्ही दिसेनासे होतात.

इंग्रजीची ओढ हे दुसरे मोठे कारण. तिला सरकारी धोरणाचाही हातभार लागला. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या आणि त्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनावर आली. म्हणजे महापालिकेच्या शाळेत आला असता असा एखादा मुलगा शासनाच्याच खर्चाने शेजारच्या शाळेत जातो. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या अटीतून वगळले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. गरिबाची वाट अडवून पट टिकवण्याचा तो मार्ग फसला, हे बरेच झाले.

महापालिकेचा स्वतःचा मार्ग अधिक बोलका ठरला. 2020 नंतर ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने सीबीएसई, आयसीएसई आणि पुढे आयबी, केंब्रिज मंडळांच्या शाळा सुरू झाल्या. अर्ज जागांपेक्षा जास्त आल्याने सोडत काढावी लागली. 2022 मध्ये ‘एकच लक्ष्य, एक लक्ष’ अशी प्रवेशमोहीम झाली. करोनाकाळात खासगी शाळेचे शुल्क न झेपलेले पालकही परतले. पालकांचा राग महापालिकेवर नव्हता, एवढे यातून दिसते. मात्र या नव्या शाळांतली किती मुले महापालिकेच्याच मराठी-हिंदी वर्गांतून आली असती, हा हिशेब मांडल्याशिवाय त्या यशाची किंमत ठरत नाही.

जुन्या शाळांना सर्वांत जास्त जाचते ती संचमान्यता. पटावरून शिक्षकांची पदे मंजूर होतात. प्राथमिकला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि समायोजनात दुसरीकडे जातो. मागे राहिलेला शिक्षक दोन इयत्ता एकत्र घेतो, वर निवडणुकीची कामे करतो. ते पाहून आणखी चार पालक दाखले काढतात आणि पुढच्या संचमान्यतेत आणखी एक पद जाते. कागदावर ही मागणीतली घट दिसते; ती काही अंशी नियमानेच घडवलेली असते. महापालिकेच्या माध्यमिक शाळा प्राथमिकच्या मानाने फार कमी आहेत, त्यामुळे सातवी-आठवीनंतर मूल कुठे जाणार या विचाराने काही पालक पहिलीतच दुसरी शाळा गाठतात.

कमी पटाच्या शाळांच्या विलीनीकरणाने खर्च खरोखर वाचतो, पण तुकड्या मिटल्या तरच, आणि त्या एकाच माध्यमाच्या असाव्या लागतात. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी असा दंडक आहे. मुंबईत त्या एका किलोमीटरमध्ये रेल्वेचे रूळ येतात, द्रुतगती मार्ग येतो, आणि सहा वर्षांच्या मुलाला तो ओलांडून नेणारे माणूस त्या वेळी कामावर गेलेले असते. म्हणून वाचलेल्या रकमेतून आधी बसचा खर्च वजा करावा लागतो, आणि बस नसेल तर शाळेत पोहोचलीच नाहीत ती मुले.