अंड्यांशेजारची हाडं

१९२३ साली गोबीच्या वाळवंटात एका अमेरिकी मोहिमेला अंड्यांचं घरटं सापडलं आणि त्याच्यावरच एका लहान डायनोसॉरचा सांगाडा. अंडी प्रोटोसेरॅटॉप्सची आहेत हे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. मग हा दुसरा तिथं काय करत होता? पुढच्याच वर्षी हेन्री ऑसबॉर्न यांनी त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. हे नाव प्राण्यावर अन्याय करणारं ठरू शकेल, अशी शंका त्यांनी त्याच लेखात नोंदवली होती. शंका विसरली गेली, नाव राहिलं. १९९३ मध्ये तशाच अंड्यात याच कुळातला गर्भ मिळाला. चोर बहुधा आई किंवा बाप होता.

आता दुसरा खटला. गुजरातमधल्या ढोली डुंगरीला धनंजय मोहबे यांना डायनोसॉरच्या घरट्यातली हाडं मिळाली. १९८७ मध्ये त्यांचं वर्णन पिल्लाची हाडं म्हणून झालं. त्यांत सापाचे मणके आहेत हे पुढे लक्षात आलं आणि २०१० मध्ये ‘सनाजेह’ जगासमोर आला. लांबी साडेतीन मीटर, वेटोळं फुटलेल्या अंड्याभोवती, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू.

इथंही अंडी, इथंही परकी हाडं. तरी या सापावरचा आरोप मला पटतो. त्याचा जबडा अख्खं अंडं गिळण्याइतका उघडत नव्हता, पिल्लू मात्र मावलं असतं. शिवाय त्याच जागी इतरत्रही साप अंड्यांजवळच मिळाले. ओव्हिरॅप्टरविरुद्ध पुरावा होता तो फक्त जवळ असण्याचा. अंडी कोणाची, हे कुणी तपासलंच नव्हतं.

मेलेल्या प्राण्याला बदनामीचं काय, असं कुणी विचारेल. त्याला काहीच नाही. पण हाडं वाचणारी नजर आपली आहे, आणि ती दगडांपुरती थांबत नाही. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरी आजही गावात चोरी झाली की संशयाची पहिली बोटं पारध्यांच्या पालाकडे वळतात. तिथंही आधी नाव असतं, मग जवळ असणं हाच पुरावा होतो. मी माणसांची प्राण्यांशी तुलना करत नाही. दोन्हीकडे निकाल देणारा एकच आहे, एवढंच म्हणतो.

अनुमान करूच नये, असं मला वाटत नाही. त्याशिवाय भूतकाळ मुका राहील. फक्त ‘अंड्यांजवळ आढळला’ आणि ‘अंडी चोरली’ या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, ते पुराव्यानं चालून जावं लागतं. ढोली डुंगरीत त्याला तेवीस वर्षं लागली. उशिरानं सापाचं काही बिघडलं नाही. ओव्हिरॅप्टरचं नाव मात्र नियमानुसार आता बदलता येत नाही. निर्दोष ठरूनही तो अंडीचोरच म्हणवला जातो.