सही जुळते, साहेब!

पतंग म्हटला की आपल्याला दिवा आठवतो. पतंगाला मात्र दिव्यापेक्षा वासाचं वेड अधिक. अंधारात मादी कुठेतरी बसून किंचित गंध वाऱ्यावर सोडते आणि नर वाऱ्याच्या उलट दिशेने तिला शोधत येतो. रेशमाच्या मादीचा हा गंध १९५९ साली जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी ओळखला. त्यापायी सुमारे ५ लाख माद्या खर्ची पडल्या. प्रेमाचं ऑडिट असं महाग पडतं!

पण मादी हा गंध मनाला येईल तेव्हा बनवते असं समजू नका. तिथला कारभार थेट आमच्या बँकेसारखा. गंधाची ग्रंथी पोटाच्या टोकाला, ती शाखा. हेड ऑफिस डोक्यात. रात्र झाली की अन्ननलिकेखालच्या चेतापेशींच्या पुंजक्यातून एक संप्रेरक रक्तात सुटतं; ते शाखेत पोचलं की गंध तयार. १९८९ साली अशोक रैना आणि सहकाऱ्यांनी मक्यावरच्या अमेरिकी पतंगात ते वाचून काढलं : ३३ अमिनो आम्लांची साखळी. मंजुरीचा हुकूम अवघा ३३ अक्षरी! आमच्या सर्क्युलरचा नुसता 'विषय' याहून लांब असतो.

पुढचं ऐका. रेशमाच्या मादीचं मीलन झालं की तसा निरोप चेतारज्जूतून डोक्याकडे जातो, हुकूम थांबतो, गंध बंद. शास्त्रज्ञांनी तो रज्जू कापून पाहिला, तर मीलन होऊनही गंध चालूच! म्हणजे तार शाबूत तोवर व्यवहार चोख. शिल्लक असेल तरच चेक फाडायचा.

अशा चोख व्यवहारावर विश्वास ठेवणाऱ्या नराला मूर्ख कोण म्हणेल? आपण म्हणतो. घाटेअळीचा पतंग हरभऱ्यावर आला का, हे कळावं म्हणून आपण शेतात कामगंध सापळे लावतो. रबराच्या बुचात कारखान्यातला गंध. नर येतो, सही ताडून पाहतो, जुळते, आणि पिशवीत पडतो.

शेतकऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पतंग मोजून फवारणी ठरवली, तर विष तरी उगाच उडत नाही. पण खोट्या सहीचा चेक वटला की पहिला मेमो काउंटरवरच्याला, आणि चहाच्या वेळी भोळसटही तोच. खोटी सही करणाऱ्याचं मात्र "काय हात आहे लेकाचा!" म्हणून कौतुक. हे काही मला पटत नाही. जिथे खुणा खऱ्या असतात तिथे विश्वास हा शहाणपणाच. खोटी खूण करणारा एकालाच बुडवत नाही, सगळ्या खऱ्या सह्यांची पत घालवतो.

सापळा लावावा, पोटासाठी लावावाच लागतो. फक्त सकाळी पिशवी रिकामी करताना त्या नरांना मूर्ख म्हणू नये. बिचाऱ्यांनी सही नीट ताडून पाहिली होती.